तुम्ही विचारलंत म्हणून: कादंबरीतली मॉल फ्लँडर्स आधी पैसे का मोजते?

मला जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्यातल्या बायका सारखं पुरुषाचं उत्पन्न काय विचारत असतात? प्रेमबिम काही असतं की नाही?" विचारणारे कधीकधी घरच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचं पॅकेज विचारून नुकतेच परतलेले असतात, पण ते राहू द्या.

प्रेम असतं हो. पण अठराव्या शतकातल्या इंग्लंडात बाईनं लग्नाआधी हिशेब केला नाही, तर नंतर करायला तिच्याकडे काही उरतच नसे. लग्न लागलं की कायद्याच्या लेखी नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. तिची रोकड त्याची, पुढे ती कमावेल तेही त्याचं. पैसेवाले बाप वकील गाठून, विश्वस्त नेमून मुलीपुरती वेगळी तजवीज करून ठेवत. बाकीच्यांच्या मुली नशिबावर. (आपल्याकडे स्त्रीधन निदान शास्त्रात तरी होतं, सासरच्यांनी त्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.) बरं, लग्नच नको म्हणावं, तर शिवणकाम, दुसऱ्याच्या घरची चाकरी किंवा भावाच्या दारात आश्रित.

डॅनियल डिफोची 'मॉल फ्लँडर्स' (1722) घ्या. मॉल विधवा म्हणून वावरणारी, गाठीला थोडेच पैसे. ओळखीतल्या लोकांनी मात्र ती मालदार असल्याची हूल उठवून दिलेली. एक गृहस्थ गळ्यात पडतो आणि हिऱ्याच्या अंगठीनं खिडकीच्या काचेवर लिहितो, की माझं प्रेम फक्त तुझ्यावर. मॉल त्याचीच अंगठी मागून घेते आणि खाली लिहिते, प्रेमात सगळे हेच म्हणतात. तो लिहितो, सद्गुण हीच खरी दौलत. ती लिहिते, पैसा हाच सद्गुण. असं चालत चालत ती लिहून टाकते, की मी गरीब आहे, आता तुमची माया बघू. काचेवर कोरत बसायला त्याला धीर धरवत नाही. तो कागद-दौत मागवतो आणि लिहितो, गरिबीसकट माझी हो. मॉलचं उत्तर: मनातून तुम्हाला आशा आहे, मी खोटं बोलत असेन!

तिनं खरं तेच सांगितलं, पण अशा थट्टेच्या सुरात की त्याला ते खोटं वाटावं. लग्नानंतर तिची खरी पुंजी उघडी पडते, तेव्हा त्याला बोलायला तोंड नसतं. लेखी कबुली आधीच दिलेली! मला हा प्रसंग लबाडीचा वाटत नाही. वकील परवडत नसलेल्या बाईनं स्वतःच स्वतःचा करार लिहून घेतलाय.

हे सगळं कादंबरीतलं म्हणाल, तर इंग्रज लेखिका शार्लट स्मिथ खरीखुरी होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, 1765 मध्ये, तिचं लग्न एका व्यापाऱ्याच्या उधळ्या मुलाशी लावून दिलं. कर्जापायी तो तुरुंगात गेला, तेव्हा तिनं सुनीतं छापून पैसे उभे केले. 1787 मध्ये ती मुलांना घेऊन वेगळी झाली आणि पोटासाठी कादंबऱ्या लिहू लागली. तरी त्या मानधनावर कायद्यानं हक्क नवऱ्याचा. सासऱ्यानं नातवंडांसाठी ठेवलेला पैसा मृत्युपत्राच्या घोळामुळे कोर्टात अडकला होता. 1806 मध्ये ती गेली तरी खटला चालूच. तिच्या कादंबऱ्यांत खडूस वकील इतके का, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात कुठून करू, असंही विचारतात. मॉलपासून करा. रिचर्डसनची 'पामेला' (1740) नंतर वाचा. तिच्यात मालक मोलकरणीला कोंडून ठेवतो, जबरदस्ती करू पाहतो आणि शेवटी तिच्याशीच लग्न करतो. लेखक याला सद्गुणाचं बक्षीस म्हणतो. मॉलनं आधी त्या बक्षिसाची किंमत विचारली असती.