आत्यासाठी पुढचं पुस्तक

सोमवार, रात्री साडेदहा

आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज पाच दिवस झाले. काळा गॉगल लावून ती पलंगावर टेकून बसते. दर तीन तासांनी थेंब घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि वाचायचं काही नाही. जुना चष्मा त्या डोळ्याला चालत नाही, नवा नंबर महिन्याने मिळणार. म्हणून ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जाते आणि तास-दीड तास वाचून दाखवते. रहस्यकथाच हवी, ही तिची अट.

तिच्यासाठी पुस्तक शोधणं सोपं नाही. शाळेत असताना तिने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून दिवसाला एक या वेगाने संपवले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, तरी तिची भूक भागली नाही. पुढे सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास. इतकं वाचलेल्या माणसाला चौथ्या प्रकरणात खुनी कळतो.

कुणी विचारलं की, एखादी चांगली रहस्यकथा सांग, तर मी आधी विचारते, वाचणार कोण? आत्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं फार्मासिस्ट होती. तेव्हा सुरुवात अगाथा ख्रिस्तीपासून, आणि तीही तिच्या पहिल्याच कादंबरीपासून करायची ठरवली. 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', प्रसिद्धी 1920. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी जखमींची शुश्रूषा करायच्या, मग औषधं बनवायच्या विभागात गेल्या. विषांची ओळख तिथली. या कादंबरीत घरातली म्हातारी मालकीण स्ट्रिक्निन या विषाने मरते, आणि बेल्जियमहून निर्वासित म्हणून आलेला गुप्तहेर एर्क्यूल पॉयरो पहिल्यांदा आपल्यासमोर येतो. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातल्या विषाच्या अचूक माहितीची तारीफ केली होती, आणि बाईंना त्या शाबासकीचं फार अप्रूप होतं.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती उशी सारखी करून ताठ बसली.

बुधवार

मूळ पुस्तक इंग्रजी. मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठी सांगत जाते. यात एक पेच आहे, तो मनात वाचताना कधी जाणवला नव्हता. इंग्रजीत अंधारात कुणी खोलीत शिरलं तर तो की ती, हे लेखकाला लपवता येतं. मराठीत क्रियापद ते बोलून टाकतं. 'खुनी खोलीत शिरला' म्हटलं की घरातल्या सगळ्या बायका एका दमात संशयातून सुटल्या. 'ने' मदतीला येतो. 'खुन्याने कुलूप उचकटलं' यात बाई की पुरुष, काही कळत नाही, कारण क्रियापद कुलपाच्या मागे जातं. पण येणं, जाणं, शिरणं, पळणं यांना 'ने' लागत नाही. तिथे मी अडते.

आज अशाच एका जागी मी 'कुणीतरी आलं' म्हणाले. आत्याने हात वर केला.

"थांब. तू 'आलं' म्हणालीस."

"हो, मग?"

"पुरुष असता तर 'आला' म्हणून मोकळी झाली असतीस. तू जपून बोलतेयस म्हणजे बाई आहे."

तिचा तर्क बरोबर की चूक, ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून मी संशयितांपैकी सगळ्यांनाच 'आलं-गेलं' लावते. मराठीत रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी हे ओझं पानोपानी कसं सांभाळलं असेल, याचा विचार करत घरी आले. त्यांच्याबद्दलचा आदर आज कितीतरी वाढला.

बंगालीत ही अडचण नाही. तिथे क्रियापदाला लिंग नाही, 'शे' म्हणजे तो आणि तीसुद्धा. व्योमकेश बक्षी या गुप्तहेराचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय त्या बाबतीत सुखी. त्यांचा आणि आपला संबंध मात्र जवळचा आहे. 1938 मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. व्योमकेशला त्यांनी 1932 मध्ये उभा केला, पहिल्या काही कथांनंतर जवळजवळ पंधरा वर्षं त्याला हात लावला नाही, आणि पन्नाशीच्या दशकात पुन्हा लिहायला घेतलं. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या त्या सत्यान्वेषीच्या नंतरच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिलेल्या. आत्याला व्योमकेश ठाऊक आहे तो दूरदर्शनवरचा, 1993 चा, रजित कपूरचा.

शुक्रवार

स्टाइल्स संपली. विष नेमकं कसं दिलं गेलं, ते आत्याने पॉयरोच्या आधी ओळखलं होतं. परवा एका पानावर तिने फक्त "परत वाच" म्हटलं आणि गप्प बसली. आज शेवट ऐकताना गॉगलखाली हसत होती. दोन दिवस तिने उत्तर पोटात ठेवलं, माझी मजा जाऊ नये म्हणून! मागे एका कादंबरीच्या मलपृष्ठावर सगळी मेख छापलेली होती, ते आठवून आजही चडफड होते. आता मी दुसऱ्याला द्यायचं प्रत्येक रहस्याचं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच देते.

"पुढचं काय?" तिने विचारलं.

काय नको, ते मला पक्कं माहीत होतं. प्रेताची चिरफाड चवीने सांगणारी पुस्तकं तिच्यासाठी नाहीत. कीटकनाशक प्यायलेली किती माणसं दवाखान्यात आणलेली तिने पाहिली आहेत. "गोष्टीतल्या मेलेल्याचीही अब्रू राहिली पाहिजे," असं ती म्हणते. मला ते शंभर टक्के पटतं.

म्हणून केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' काढली. मूळ जपानी 2005 ची, तिथला साहित्याचा नाओकी पुरस्कार मिळालेली. खून पहिल्याच प्रकरणात, आपल्या डोळ्यांदेखत होतो. कुणी केला, का केला, सगळं समोर. शेजारी राहणारा, शाळेत गणित शिकवणारा एकटा माणूस खून केलेल्या आई-मुलीला वाचवायचं ठरवतो. आता तो हे झाकणार कसं, एवढाच प्रश्न. चौथ्या प्रकरणात खुनी ओळखणाऱ्या बाईला खुनी आधीच सांगून टाकणारी गोष्ट द्यावी, असा माझा हिशेब. वीस पानं झाल्यावर थेंबांची वेळ झाली, तर म्हणाली, "थेंब पाच मिनिटांनी पळून जाणार नाहीत." मी थेंब घातले, मगच पुढे वाचलं.

नवा चष्मा आला की तिच्या हातात फेलूदा ठेवायचा. सत्यजित रायांचा हा गुप्तहेर अशोक जैनांनी मराठीत आणलाय. मूर्तिचोरांच्या मागावर तो आपल्या वेरूळच्या लेण्यांत येतो, ती गोष्ट माझी लाडकी.

रविवार

काल तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी एक बाई गॉगल लावून बसल्या होत्या, त्यांचंही ऑपरेशन झालेलं. वेळ जात नाही म्हणाल्या. सून पुस्तकं वाचून दाखवते, पण काय वाचावं ते सुचत नाही.

आत्याने विचारलं, "तुम्ही नोकरीत होतात का?"

"हो, शाळेत. गणित शिकवायचे."

आत्या लगेच माझ्याकडे वळली. "यांना तो जपानी लिहून दे." मी पिशवीतून थेंबांच्या बाटलीचा रिकामा खोका काढला आणि त्याच्या आतल्या बाजूला नाव लिहून दिलं.

"आमचं अजून निम्मं राहिलंय," आत्या त्यांना म्हणाली. "तुमचं आधी संपलं, तर पुढच्या तपासणीला भेटल्यावर काही बोलू नका हं."