दिवे घाट, अंधार पडल्यानंतर

पुण्यातला दोन दिवसांचा मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघते, तो दिवस आळंदी-पंढरपूर वाटेवरच्या अवघड दिवसांत मोजला जातो. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून सासवडच्या तळापर्यंत सुमारे ३० किलोमीटरची चाल, तिच्या उत्तरार्धात दिवे घाटाचा चढ, आणि तिथी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीची असल्यामुळे बरोबरच्या बहुतेकांच्या पोटात उपासाचे तेवढेच. तरीही संपूर्ण वारी करणे ज्यांना शक्य होत नाही असे असंख्य पुणेकर नेमका हाच टप्पा चालायला घेतात. गेल्या वर्षी त्यांच्यात मीही होते.

चालण्याची मला सवय नव्हती. बरीच वर्षे खुर्चीत बसून हिशेबाचे काम केल्याने दोन जिने चढले तरी धाप लागत असे, सकाळी पलंगावरून उतरताना टाचा दुखत आणि रक्तातली साखर काठावर आल्याचे डॉक्टरांनी बजावले होते. शाळेपासूनच्या माझ्या दोन मैत्रिणी आणि त्यांच्यातल्या एकीचा धाकटा भाऊ हे तिघे सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकणारे आहेत. त्यांनी उन्हाळाभर मला आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर आणि मग तळजाईच्या टेकडीवर नेले, आणि माझ्या बरोबरीने हळू चालताना एकदाही घाई केली नाही. डॉक्टरांनी होकार देताना एकच अट घातली होती. चालताना शेजारच्याशी सलग बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करायचा.

भल्या सकाळी आम्ही पुलगेटला पालखीच्या वाटेवर येऊन मिळालो. सोलापूर रस्ता तेव्हा पताकांनी भरून गेला होता. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्यानेच पुढे लोणी काळभोरला जाते आणि माउलींची पालखी सासवड रस्त्याला वळते. १६८५ मध्ये तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा घातली तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. दिंड्यांचे ठरलेले क्रमांक, चोपदार, अंकलीच्या शितोळ्यांचे घोडे, निघण्यापूर्वी वाजणारा कर्णा, ही सारी शिस्त त्यांच्या लष्करी अनुभवातून आली असे मानतात. एवढे मला वाचून माहीत होते. ही शिस्त दुबळ्या माणसाच्या पायांना कशी उपयोगी पडते, ते मात्र त्या दिवशी चालतानाच कळले.

भेकराईनगर, फुरसुंगी, उरुळी देवाची हा भाग सपाट आहे आणि त्याच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ढगाळ हवा होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि चहा घेऊन लोक उभे होते. एका झाडाखाली चर्मकारांची रांग बसली होती आणि कोणाच्याही चपलेचा तुटलेला अंगठा पैसे न घेता शिवून देत होती. आम्ही दर तासाला दहा मिनिटे बसत होतो, मीठ-साखर-लिंबाचे पाणी पीत होतो. तरी वडकी नाल्याशी पोचेपर्यंत माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता आणि मांड्या जड झाल्या होत्या. समोर घाटाची भिंत दिसत होती. नागमोडी रस्त्यावर माणसांच्या, पताकांच्या आणि तुळशींच्या रांगा वरपर्यंत लागल्या होत्या. माउलींचा रथ केव्हाच वर गेला होता. हा चढ नेहमीच्या बैलांना झेपत नसल्याने येथे रथाला जादा बैलजोड्या जोडतात, आणि ते पाहण्यासाठी आलेली गर्दीही आता पांगत होती.

मैत्रिणीने मला सरळ विचारले, "थांबायचं आहे का तुला? थांबायचं असेल तर आपण सगळेच थांबू." मला थांबायचे नव्हते. पण दिवेलागणीपर्यंत घाटमाथा गाठणे माझ्या वेगाने शक्य नव्हते, म्हणून आम्ही मागच्या दिंड्यांपैकी एकीबरोबर चढायचे ठरवले. रथापुढे २७ दिंड्या असतात आणि बाकीच्या सगळ्या रथामागे चालतात, त्यामुळे मागची रांग फार लांबते आणि शेवटच्या दिंड्यांना घाटातच अंधार पडतो. दिंडीच्या रांगांत बाहेरच्याने मध्येच शिरायचे नसते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये विणेकरी आणि पखवाज, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, हा क्रम कोणी मोडत नाही. मैत्रिणीच्या भावाने विणेकरी बाबांच्या पायाला हात लावून परवानगी मागितली. त्यांनी वीणा हलू न देता नुसत्या नजरेने बायकांच्या मागची जागा दाखवली.

तिथे परभणीकडच्या एक आजी चालत होत्या. वय सत्तरीच्या पुढचे, नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात रबरी चपला. त्यांनी काही अंतर मला चालताना पाहिले आणि मग दंडाला धरून रस्त्याच्या मध्यावर ओढले. "माय, कडंनं नको चालूस. रस्ता कडंला कलतो, मग एकच गुडगा दुखतो. मधून चाल." मी त्या दिवशी सकाळपासून डाव्या कडेने चालत होते आणि माझा डावा गुडघाच दुखत होता. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यावर उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता ठेवतात, हे मला ठाऊक होते. पण त्या उताराचा भार दिवसभर एकाच पायावर पडतो, हा विचार माझ्या किंवा माझ्या अनुभवी मित्रमंडळींच्याही मनात आला नव्हता. घाटात वाहने बंद असल्याने मधोमध चालता येत होते. शे-दोनशे पावलांत गुडघ्यावरचा ताण उतरला.

पहिल्या वळणावर मागे पाहिले तेव्हा खाली मस्तानी तलावाचे पाणी अजून उजेडात होते. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला ते दिसेनासे झाले आणि रस्त्यावर दिवे नसल्याने सगळीकडे एकदम काळोख पसरला. काहींच्या हातात बॅटऱ्या होत्या, आमच्यापुढच्या दिंडीत एकाच्या खांद्यावर मोठा दिवा होता, पण उजेड पुढच्या माणसाच्या पाठीपर्यंतच पोचत होता. वर किती चढ उरला आहे ते दिसत नव्हते. चढताना सतत वर पाहण्याची माझी सवय होती आणि तळजाईवर त्यासाठी मैत्रिणी मला टोकत. येथे ती सवय आपोआप सुटली, कारण पाहायला काहीच नव्हते. उरले ते फक्त टाळांचे ठोके.

त्या ठोक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते अशक्त माणूस दिवे घाट चढू शकतो त्याचे खरे कारण तेथेच आहे. अभंगाचा चरण पुढच्या ओळी म्हणतात आणि मागच्या ओळी तो उचलतात. म्हणजे अर्धी दिंडी गात असते तेव्हा अर्धी दिंडी श्वास घेत असते, आणि पुढच्याच क्षणी हे उलटे होते. पाऊल ठोक्यावर पडते. चढ वाढला तेव्हा पखवाजवाल्याने लय उतरवली, कोणी काही सांगितले नाही, पण सबंध दिंडीचे पाऊल आखूड झाले. वळणावर रस्ता किंचित सपाट झाला की लय पुन्हा चढे. मी सुरुवातीला ओठ मिटून चालत होते, कारण दम वाचवायचा होता. आजींनी ते ओळखले. "म्हणत चाल. म्हणलं की दम पुरतो, मुकाट चाललं की दम लागतो." मी मागच्या ओळीबरोबर चरण उचलू लागले. पहिले काही चरण अर्धेच म्हणता आले, मग पूर्ण म्हणता येऊ लागले. चालताना बोलता आले पाहिजे ही डॉक्टरांची अट या दिंडीने किती पिढ्यांपासून पाळली आहे, हे तेव्हा ध्यानात आले. ज्या वेगाने गाता येत नाही त्या वेगाने दिंडी चालतच नाही; आणि गाणाऱ्यांत सत्तरीची माणसे असल्यामुळे वेग त्यांच्या छातीला झेपेल तेवढाच राहतो. माझ्या मैत्रिणी डोंगरात ज्या पद्धतीने चढतात, म्हणजे ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचे आणि माथ्यावर भेटायचे, तिच्यात सर्वांत मागचा माणूस नेहमी एकटा पडतो. येथे मागे कोणी पडूच नये अशी रचना आहे.

घाट साधारण चार किलोमीटरचा आहे. मध्यावर कुठेतरी पावसाची जोरदार सर आली. आजींनी पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढून डोक्यावरून घेतला, तुळशीवरही तो ओढला आणि गाणे चालू ठेवले. माझ्या बुटांत पाणी शिरले आणि टाचेचा फोड फुटला. वेदना बरीच होती, पण ठोका चुकवून थांबण्याइतकी नव्हती. मैत्रिणीच्या भावाने माझी पिशवी केव्हा आपल्या खांद्यावर घेतली ते मला समजले नाही.

चढ संपला हे मला पायांवरून नव्हे, तर वाऱ्यावरून कळले. माथ्यावर वारा चारही बाजूंनी येतो. दिंडीने तेथे "पुंडलिक वरदे" म्हटले आणि दोन्ही मैत्रिणींनी मला मिठी मारली. मला रडू आले, आणि त्याचे कारण मी अजूनही नीट सांगू शकणार नाही. आजी मात्र थांबल्या नाहीत. "झेंडेवाडीत बसू. हितं वाऱ्यात बसलं की पाय आखडतात." झेंडेवाडीच्या विसाव्याला गावकऱ्यांनी चहाचे पातेले अजून चुलीवर ठेवले होते. फोडावर पट्टी तिथेच बांधली.

तिथून सासवडपर्यंतचा रस्ता सौम्य आहे, पण रात्रीचा तो लांब वाटतो. दिवे गाव आणि पवारवाडी मागे पडेपर्यंत आजी बोलत होत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी वाटेत त्यांचे गाठोडे हरवले होते. त्यात लुगडे, थोडे पैसे आणि नवऱ्याची औषधे होती. संध्याकाळी तळावर समाजआरती होते तेव्हा चोपदार आपला चोप उंच धरतात आणि त्या क्षणी लाखो माणसे गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचे असते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचाही पुकारा तिथेच होतो. आजींच्या दिंडीने टाळ वाजवले, पुकारा झाला आणि गाठोडे दुसऱ्या दिवशी परत मिळाले. "औषधाची एक गोळीसुद्धा कमी नव्हती," असे त्या म्हणाल्या. दुकाने, ध्वनिक्षेपक, पोलिसांच्या गाड्या यांनी भरलेल्या त्या रस्त्यावर एका काठीने एवढी शांतता होत असेल यावर मी पुण्यात बसून विश्वास ठेवला नसता. आजींच्या तोंडून ऐकताना शंका आली नाही.

आम्ही सासवडला पोचलो तेव्हा समाजआरती होऊन गेली होती. तळावर राहुट्यांच्या गल्ल्या पडल्या होत्या आणि प्रत्येक दिंडीच्या ट्रकवर तिचा क्रमांक रंगवलेला होता. आजींचा ट्रक शोधायला अर्धा तास लागला. त्यांच्या सुनेने आम्हाला चौघांनाही आग्रहाने बसवून भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर आजींनीही मला "माउली" म्हणून तसाच नमस्कार केला. माझ्या मुलीच्या नव्हे, आईच्या वयाच्या बाईने पायांकडे हात नेला म्हणून मी संकोचले, पण वारीत ती रीतच आहे.

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे आणि पालखी तेथे दोन रात्री असते. पुढचा टप्पा जेजुरीचा, याच्या जवळजवळ निम्म्या अंतराचा. परतीच्या बसमध्ये मी साहेबांना संदेश पाठवून जेजुरीच्या टप्प्याच्या दिवसाची रजा मागितली, आणि दिंडीचा क्रमांक विसरू नये म्हणून मैत्रिणीच्या भावाकडून फोनमध्ये टिपून घेतला.