तूप रवाळ नाही, म्हणजे शुद्ध नाही?

"रवाळ दिसत नाही, साजुकच आहे ना?" दादर-गिरगावात घरचं तूप विकणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते: रवे ही शुद्धतेची खूण नाही. वनस्पती तूपसुद्धा कारखान्यात मुद्दाम कणीदार करतात, साजुक वाटावं म्हणून.

रवाळ म्हणजे बोटांना कणी लागते आणि जिभेवर विरून जाते. विरली नाही तर ती कचकच. तूप नीट गाळलं नसलं की तळाला उरलेल्या बेरीचे कण तसे लागतात. बेसनाचा लाडू रवाळ व्हावा म्हणून पीठ जाडसर दळतात आणि भाजत आलं की दुधाचा हबका मारतात, तेही या विरणाऱ्या कणीसाठीच.

तुपाची कणी ठरते निवताना. लोणी कढून तडतड थांबली, बेरी बदामी झाली की गॅस बंद करायचा, थोडं निवू द्यायचं, गाळायचं आणि मग भांड्याला हात लावायचा नाही. तुपातला कडक भाग आधी गोठतो, मऊ भाग पातळ राहतो. 28 ते 30 अंशांच्या आसपास तूप रेंगाळलं तर कडक भागाला मोठे रवे धरायला वेळ मिळतो. घाईने फ्रीजमध्ये ठेवलंत की सगळं एकदम थिजतं आणि मेणासारखं सपाट होतं. सारखं ढवळलंत तर रवे बारीक राहतात. जानेवारीत मुंबईची रात्रही गार असते, तेव्हा भांडं जाड कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवा, खिडकीत नको. मे महिन्यात तळाशी रवे आणि वर पातळ थर दिसेल. ती भेसळ नव्हे, उकाडा आहे. म्हशीच्या तुपाचे रवे मोठे, गाईच्या तुपाचे बारीक, म्हणून दोघांची तुलना करू नका.

एवढं सांगूनही कबूल करते, बरणी उघडली की माझी नजर आधी रवेच शोधते. गरम पुरणपोळीवर ते क्षणात वितळणार, मग हट्ट कशाला, असं स्वतःला विचारते. हट्ट सुटत नाही.

सपाट झालेलं तूप बिघडलेलं नसतं. मंद आचेवर पूर्ण पातळ करा, कोमट होऊ द्या, मग चमचाभर रवाळ तूप विरजणासारखं घाला. गरम असताना घातलंत तर तो चमचाही विरघळून जाईल.