खाणींच्या गावातला फुटबॉल: ए६८ रस्त्याने एक दिवस

ईस्टरचा शनिवार, सकाळी अकराची मॅच. इंग्लंडात शनिवारची मॅच दुपारी तीनला असते. हे इतकं पक्कं आहे की अकराला फुटबॉल म्हटल्यावर ईशान्य इंग्लंडातल्या डार्लिंग्टनच्या आमच्या शेजाऱ्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण ग्राउंडहॉपर येणार असले की आसपासचे क्लब आपापसांत ठरवून वेळा मागेपुढे करतात. एक मॅच सकाळी, एक दुपारी, एक रात्री दिव्यांखाली. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाची एका दिवसात तीन मैदानं होतात.

ग्राउंडहॉपर म्हणजे नवनवी मैदानं पाहत हिंडणारी जमात. कोण जिंकलं याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं, मैदान वहीत चढलं पाहिजे. वरच्या चार डिव्हिजनमधले ९२ क्लब पुरे करणं हे त्यांचं अष्टविनायक. ते केलेल्यांची १९७८ पासून एक रीतसर संघटनाही आहे. खरे वेडे तिथे थांबत नाहीत. त्या ९२च्या खाली नॉन-लीगचा पसारा सुरू होतो आणि पायरीपायरीने थेट खेड्यापाड्यांत उतरतो. आमच्या भागातली नॉर्दर्न लीग त्यातल्या नवव्या आणि दहाव्या पायरीवर आहे. स्थापना १८८९ची, म्हणजे जगातली सर्वांत जुनी फुटबॉल लीग हिच्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठी.

बरोबर मेहुणा होता. डरहॅमला शिकायला आलाय, अस्सल कोल्हापूरकर. त्याला संडरलँडचं मोठं स्टेडियम बघायचं होतं. मी त्याला क्रूकला नेलं.

क्रूक हे डरहॅम परगण्यातलं कोळशाचं गाव. आता कोळसा नाही, चौक आहे, चिप्सची दुकानं आहेत आणि मिलफील्ड हे मैदान आहे. आठ पौंड देऊन आत गेलो. दारावरच्या आजोबांनी मॅचच्या प्रोग्रॅमची (छापील माहितीपुस्तिकेची) प्रत हातात देताना तिला घडी पडू नये याची काळजी घेतली. हॉपर लोक घडी पडलेला प्रोग्रॅम परत करतात म्हणे. आत जुना स्टँड, कठड्याला टेकून उभी म्हातारी मंडळी, चहाच्या टपरीपुढे रांग.

मेहुण्याने एक नजर फिरवली. "दाजी, आपल्याकडं पाटाकडील-दिलबहार तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमात पाय ठेवायला जागा नसते. इथं माणसं मोजून घ्या."

मी म्हटलं, १९५४ सालचं ऐक. हौशी संघांच्या एफए (फुटबॉल असोसिएशन) अॅमॅच्युअर कपची फायनल, क्रूक विरुद्ध शेजारचं बिशप ऑकलंड. दोन्ही गावं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण मॅच लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर आणि बघायला एक लाख माणूस. बरोबरी झाली. न्यूकॅसलला पुन्हा खेळले, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यांदा मिडल्सब्रोला क्रूकने एका गोलने कप नेला. असा कप या गावाने पाच वेळा नेलाय. पुढे १९७४ साली हौशी आणि व्यावसायिक हा भेदच संपवला, तेव्हा ती स्पर्धाही बंद झाली आणि या गावांचं वेंब्लीला जाणं दुर्मीळ झालं.

त्यापेक्षा मला आवडते ती जॅक ग्रीनवेलची गोष्ट. क्रूकचा खाणकामगार, जन्म १८८४. इथे खेळता खेळता स्पेनला गेला, बार्सिलोनाकडून खेळला आणि १९१७ मध्ये त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. त्याच्याच ओळखीमुळे क्रूकचा संघ बार्सिलोनात जाऊन त्यांच्याशी मॅच खेळून आला. पुढे १९३९ मध्ये पेरूला दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळालं, तेव्हाही प्रशिक्षक ग्रीनवेलच. एवढं करूनही इंग्लंडात त्याचं नाव विचारलं तर दहांतले नऊ जण खांदे उडवतील. क्रूकमध्ये उडवणार नाहीत. टपरीवर माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी आम्ही भारतातले म्हटल्यावर ग्रीनवेल बाजूला ठेवला आणि १९७६ काढलं: त्या वर्षी क्रूकचा संघ भारताच्या दौऱ्यावर गेला होता. मेहुण्याने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधायला घेतलं. त्यानंतर गर्दीबद्दल तो काही बोलला नाही.

मॅचबद्दल काय सांगू? या पातळीवर चेंडू बराच वेळ हवेत असतो. गंमत कानांना जास्त असते. मोठ्या स्टेडियममध्ये गोलकीपर काय ओरडतो ते कधी कळत नाही, इथे त्याचा शब्द न् शब्द कळतो आणि त्यातले निम्मे इथे लिहिता येणार नाहीत. लाइन्समनला प्रेक्षक नावाने हाक मारून शिव्या देतात आणि तोही मागे वळून उत्तर देतो. खेळणारे कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिक्षक.

शेवटची शिटी वाजताच सगळे हॉपर एकदम दाराकडे वळले, पुढची मॅच गाठायची होती. आम्हीही गाडीत बसलो. वाटेत विटन पार्कचा फाटा लागतो. १९५१ साली डरहॅमच्या काउंटी कौन्सिलने गावांची वर्गवारी केली आणि ज्या गावांच्या खाणी बंद पडल्या होत्या किंवा पडणार होत्या अशा शंभराहून जास्त गावांना 'ड' वर्ग दिला. तिथे नवीन घर बांधायचं नाही, पाणी-गटारावर पैसा घालायचा नाही, गाव आपोआप ओस पडू द्यायचं. विटन पार्क त्यांतलंच एक. रांगाच्या रांगा घरं पाडली गेली. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून उरलेलं गाव वाचवलं. या परगण्यात फिरताना मोकळं हिरवं मैदान दिसलं की ते निसर्गाचं देणं आहे असं मी आता लगेच समजत नाही.

वेस्ट ऑकलंडला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. गावात लांबलचक हिरवळ आहे आणि तिथे फुटबॉलच्या विश्वकपाचं स्मारक आहे. मेहुण्याला वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा नाही. आपण ज्याच्या नावाचा चहा पितो, त्या सर थॉमस लिप्टन यांनी १९०९ मध्ये इटलीतल्या ट्यूरिनला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. फिफाचा पहिला विश्वकप १९३०चा, म्हणजे ही स्पर्धा त्याच्याही एकवीस वर्षं आधीची. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने संघ पाठवायला नकार दिला. मग लिप्टन यांचं आमंत्रण गेलं या खाणकामगारांच्या क्लबला. ते का, यावर इथे आजही वाद आहेत. पत्रावर 'डब्ल्यू. ए.' एवढंच होतं आणि वूलिच आर्सेनलचं पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला आलं, ही सर्वांत लोकप्रिय कथा. माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नाही, पण हे गावात कुणाला सांगू नका.

खाणीतून सुट्टी काढून, घरचं किडुकमिडुक विकून पोरं ट्यूरिनला गेली, असं सांगतात. १९०९ला त्यांनी फायनलमध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-० असं हरवलं. त्या संघात पाहुणा म्हणून क्रूकचा ग्रीनवेलही होता. १९११ला पुन्हा गेले आणि फायनलमध्ये युव्हेंटसला ६-१ असं धुतलं. होय, इटलीतल्या त्याच नामांकित युव्हेंटसला. दोनदा जिंकला म्हणून कप कायमचा गावाचा झाला. पण दौऱ्याने क्लब कर्जात बुडाला, आणि कप चाळीस पौंडांना गावातल्या हॉटेलमालकिणीकडे गहाण पडला. १९६० साली वर्गणी काढून शंभर पौंडांना सोडवून आणला. १९९४ मध्ये तो गावातल्या वर्किंग मेन्स क्लबमधून चोरीला गेला आणि आजतागायत सापडलेला नाही. आता आहे ती हुबेहूब प्रतिकृती.

गहाण ठेवल्याचं ऐकून मेहुणा कपापेक्षा त्या हॉटेलमालकिणीवर खूश झाला. "पन्नास वर्षं सांभाळून ठेवला, दाजी. दुसरं कोण असतं तर चांदी वितळवून मोकळं झालं असतं."

गावातल्या डार्लिंग्टन रोडवरच्या मैदानावर गर्दी बरी होती. एरवी जेवढी माणसं येतात त्याच्या दुपटीहून जास्त आज आहेत, असं टपरीवरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला उसंत नव्हती. 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) आणि उकडलेले वाटाणे अर्ध्या वेळेच्या आतच संपले, मग आम्ही चिप्सवर भागवलं. हॉपरांना लोक हसतात, पण या क्लबांना टीव्हीचा पैसा मिळत नाही. गल्ला भरतो तो दारावर, टपरीवर, बारमध्ये आणि लकी ड्रॉच्या तिकिटांवर. एका अशा शनिवारच्या गल्ल्यातून गवत कापायचं मशीन दुरुस्त होतं.

इथे आमची गाठ एसेक्सहून आलेल्या एका निवृत्त रेल्वेवाल्याशी पडली. गळ्यात दुर्बीण, खिशात दोन रंगांची पेनं. हॉपरांत नियमांवरून पंथ असतात. कुणी म्हणतं संपूर्ण नव्वद मिनिटं पाहिली तरच मैदान धरायचं, कुणाला प्रोग्रॅम मिळालाच पाहिजे, कुणी चेंडूला हात लावल्याशिवाय हलत नाही. या काकांचा पंथ कडक: शून्य-शून्य झाली तर मैदान धरायचं नाही. निदान एक गोल हवाच. मेहुण्याने विचारलं, "मग तुम्ही इतक्या लांबून आलात आणि गोल झाला नाही तर?" ते म्हणाले, तर पुन्हा यायचं. इथे तशी वेळ आली नाही, पाहुण्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच गोल केला आणि काकांनी हिरव्या पेनने खूण केली.

वेस्ट ऑकलंडहून ए६८ सरळ उत्तरेला चढत जातो. या रस्त्याचे काही टप्पे मूळचे रोमन लोकांचे. तिसरी मॅच टो लॉला; हे गाव साधारण हजार फुटांवर, माळाच्या कडेला. मैदानाचा रस्ता आयर्नवर्क्स रोड. कारखाना कधीच गेला, नाव राहिलं. अख्ख्या लीगमध्ये सर्वांत थंड मैदान कोणतं असं विचारलं तर सगळे इकडेच बोट दाखवतात. एप्रिलच्या संध्याकाळी वारा असा होता की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता, आणि पलीकडे पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. याच वाऱ्याने १९६७ साली त्यांना साथ दिली: बर्फात झालेल्या एफए कपच्या मॅचमध्ये टो लॉने व्यावसायिक मॅन्सफील्ड टाउनला ५-१ असं हरवलं. क्रिस वॉडल इथूनच वर गेला. सॉसेजच्या मसाल्याच्या कारखान्यात काम करत तो टो लॉकडून खेळायचा, १९८० मध्ये न्यूकॅसलने त्याला हजार पौंडांना नेलं, आणि दहा वर्षांनी तो इंग्लंडकडून विश्वकपाची सेमीफायनल खेळत होता.

आमच्या मॅचला वाऱ्याने कुणालाच साथ दिली नाही. गोलकीपरची किक वर जायची, थांबायची आणि परत त्याच्याकडेच यायची. तासाभराने मेहुण्याच्या लक्षात आलं की अजून गोल झालेला नाही. त्याने काकांकडे पाहिलं. काका लाल पेन हातात घेऊन उभे होते. त्यानंतर मेहुणा दोन्ही संघांसाठी एकाच वेळी ओरडायला लागला, तेही अस्सल कोल्हापुरीत. ८८व्या मिनिटाला चेंडू बारला लागला. सगळे हॉपर एका सुरात विव्हळले.

शून्य-शून्य. काकांनी वहीत काहीतरी लाल लिहिलं. क्लबचे कार्यकर्ते जणू तयारच होते. त्यांतल्या एकाने मोठ्या प्रेमाने काकांच्या हातात उरलेल्या सीझनचं वेळापत्रक ठेवलं आणि मंगळवारच्या मॅचवर बोट ठेवलं. मेहुण्याने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि मला विचारलं, "दाजी, मंगळवारी तुमचं काय आहे?"