‘कशावरून’ सर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा शाळेवरच लिहायचं ठरवलं होतं. जुनी कौलारू इमारत, सिस्टरांचा बगीचा, पावसात गळणारा सातवी ‘ब’चा वर्ग, स्नेहसंमेलन, सगळं. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत सर येऊन उभे राहिले ते हलेचनात. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये. गणिताच्या बाईंनी माझ्यासाठी काय खस्ता खाल्ल्या ते मी विसरलेले नाही. पण पानं दोनच आहेत.

सरांचं नाव लिहीत नाही, कारण गरज नाही. आपल्या शाळेत ‘कशावरून सर’ म्हटलं की पुरतं. इतिहास शिकवायचे आणि चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्गही घ्यायचे. दोन्हीकडे प्रश्न एकच. “सर, संत गोन्सालो गार्सिया वसईचे होते.” कशावरून? “पुस्तकात आहे.” पुस्तक लिहिणाऱ्याला कशावरून कळलं? एवढ्यावर पोर गप्प झालं की सर खुशीत यायचे, खडू खिशात टाकायचे आणि गोष्ट सुरू करायचे. त्यांच्या सदऱ्याचा तो खिसा कायम पांढरा असे.

वसईत इतिहास शिकवणं ही काय चीज आहे, ते बाहेरच्याला समजायचं नाही. हजेरीपटावर परेरानंतर पाटील आणि म्हात्रेनंतर लोपीस. पाठ्यपुस्तकात वसईला जेमतेम दोन-चार ओळी: १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला जिंकला. त्या ओळी आल्या की अर्धा वर्ग ताठ बसायचा आणि अर्धा वर्ग पुस्तकात डोकं घालायचा. डोकं घालणाऱ्यांत मी होते. आमचं आडनाव पोर्तुगीज, देव्हाऱ्यात क्रूस, आणि हरले ते पोर्तुगीज. मग आपण कोण? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नसे. सरांनी तो आमच्या वतीने विचारला.

सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हाला किल्ल्यात नेलं. किल्लाबंदरची एसटी, डब्यात चपाती-भाजी, प्रत्येकाकडे एक ड्रॉइंगचा कागद आणि पेन्सिल. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांच्या त्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या फरशा आहेत, सगळ्यांनी पाहिल्या असतील. सरांनी सांगितलं, कागद फरशीवर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. हळूहळू कागदावर अक्षरं उमटायला लागली. आधी एक कमान, मग ढालीसारखं काहीतरी, मग अर्धवट झिजलेला आकडा. माझ्या कागदावरचा सोळाशेच्या पुढचा आकडा काही केल्या लागेना, तर सरांनी स्वतः गुडघे टेकून फरशीवर फुंकर मारली, भेगेतली माती काडीने उकरली, आणि तरीही लागला नाही तेव्हा म्हणाले, “मग सोळाशे आणि पुढे रिकामी जागा असंच लिही. माहीत नाही ते भरायचं नाही.”

तेवढ्यात मागे जुंपली होती. आमच्यातला एक मुलगा (आज तो मोठा बिल्डर आहे, म्हणून नाव नको) थडग्यावर पाय देऊन उभा राहिला आणि दुसऱ्याला म्हणाला, “आमच्या लोकांनी तुमच्या लोकांना इथंच झोडपलं.” दुसऱ्याने त्याच्या डब्याला लाथ घातली. भाजी थडग्यावर. आम्हा मुलींना वाटलं, आता दोघांच्या पाठी सडकून निघणार.

सर भाजीकडे बघत राहिले. मग दोघांना दगडावर बसवलं. “तुझा खापरपणजा त्या दिवशी कुठे होता?” पहिला म्हणाला, “अप्पांच्या सैन्यात.” कशावरून? त्याला सांगता येईना. “आणि तुझा?” दुसरा रडवेला होऊन म्हणाला, “किल्ल्यात असेल.” कशावरून? तोही गप्प. मग सरांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं, असं म्हणणार नाही. मतलब असा होता. तहाने ज्यांना जायचं होतं ते मे १७३९मध्ये शस्त्रांसह, ढोल वाजवत, निशाण घेऊन निघून गेले. ज्यांना राहायचं होतं त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक त्याच तहात होती. “ते गेले, तुझे राहिले. केळी लावत, भात लावत, मराठ्यांना सारा भरत राहिले. आणि याचेही इथेच राहिले. तुम्हा दोघांचे खापरपणजे बहुधा एकाच बांधावरून भांडत असतील.”

शिक्षा वेगळीच निघाली. ज्याने झोडपल्याची भाषा केली त्याने वेढ्याच्या वेळी किल्ल्याच्या आत असलेल्या बारा वर्षांच्या पोराचं पत्र लिहायचं, आणि ज्याने डबा लाथाडला त्याने चिमाजीअप्पांच्या छावणीतल्या पोराचं. दोघांचं बघून सगळ्या वर्गाला तोच गृहपाठ मिळाला, उलट बाजूने. मी सुरुंग पेरणाऱ्या माणसाच्या मुलाचं पत्र लिहिलं. वही परत आली ती लाल शाईने माखून. “तोफेचा आवाज झाला म्हणतेस, तोफ कोणाची?” “वसईला मे महिन्यात उकाडा किती असतो ते तुला ठाऊक आहे, मग तुझ्या पोराला घाम का येत नाही?” असला शेरा मला पुढे कोणत्याही परीक्षकाने दिला नाही.

आता कॅथलिक असण्याबद्दल. सरांची श्रद्धा पक्की होती. रोज सकाळच्या मिस्साला हजर, उपवासकाळात क्रूसाची वाट कधी चुकायची नाही, मे महिन्यात घरी रोझरी. त्यांना गोन्सालो गार्सियांचा असा अभिमान की गास गावच्या त्यांच्या सणाला वर्ग अर्धा रिकामा असला तरी हजेरी घ्यायचे नाहीत. पण गोष्ट सांगताना काही लपवायचे नाहीत. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवलं, त्यांत आपले गोन्सालो होते आणि बारा-तेरा-चौदा वर्षांची तीन जपानी मुलंही होती. एवढं चर्चमध्ये ऐकलेलं असायचं. सर त्याच्या आदल्या वर्षात जायचे. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला फुटलं, त्यावरच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारली आणि म्हणे असंही बोलला की आधी मिशनरी जातात, मागून सैन्य जातं. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कानावर हे गेलं. “आता तुम्ही हिदेयोशी आहात,” सर म्हणायचे, “शेजारच्या फिलिपाईन्समध्ये स्पॅनिश बसलेत. तुम्हाला काय वाटेल?” मग थोडं थांबून, “आणि आता तुम्ही चौदा वर्षांचे तोमास कोझाकी आहात. तुमचा बाप तुमच्याबरोबर क्रूसावर जाणार आहे आणि आईला शेवटचं पत्र लिहायचंय. त्यात तुमचा काय गुन्हा?” वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. संत लहान झाला नाही, उलट हाडामांसाचा झाला.

मंडपेश्वरलाही सरांनीच नेलं. बोरिवलीची ती लेणी शंकराची. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी तिथे चर्च केलं, लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर मोठा क्रूस कोरला. तो आजही आहे. सरांनी आम्हाला त्या क्रूसासमोर उभं केलं आणि विचारलं, “याच्या आधी इथे काय होतं?” कोणी बोलेना तेव्हा स्वतःच सांगितलं, आणि अंतोनियो दो पोर्तो या पाद्र्याने वसई-साष्टीत देवळं कशी पाडली तेही सांगितलं. घरी येऊन पोरांनी बोलायला सुरुवात केली. एका पालकाची तक्रार गेली: सर मुलांचा विश्वास ढळवतात, धर्मशिक्षण बंद करा.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर पोप लिओ तेरावे यांचं नाव लिहिलं. खाली १८८३. ज्या पोपनी व्हॅटिकनचं दप्तर अभ्यासकांना खुलं केलं, त्यांनीच त्या वर्षी इतिहासकारांसाठी पत्र लिहिलं आणि रोमन वक्ता सिसेरोचा जुना नियम त्यात घातला: खोटं सांगायचं धाडस करू नये आणि खरं सांगायला कचरू नये. सर म्हणाले, “माझ्यावर तक्रार करायची तर वरपर्यंत करावी लागेल.” आणि पुढचा धडा उघडला. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू राहिला, याचं श्रेय तेव्हाच्या प्रमुख धर्मगुरूंना दिलं पाहिजे.

फादर स्टीफन्सवरही ते असंच बोलायचे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या आपल्या या इंग्रज पाद्र्याची मराठीवरची ओवी प्रत्येक मराठी दिनाला फळ्यावर येते, ती सगळ्यांना पाठ. सर त्याच्या पलीकडचं सांगायचे. हा माणूस १५७९मध्ये गोव्यात आला तेव्हा त्याच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू असणं जिवावर बेतत होतं. त्याच्यासारख्याच जेझुइट पंथाच्या एडमंड कॅम्पियनला १५८१मध्ये लंडनला मारलं. आणि त्याच काळात इकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चालू होतं, १५६० पासून. तिथल्याच कुंकळ्ळी गावात १५८३मध्ये आधी देवळं गेली, मग पाच जेझुइट मारले गेले, मग बोलणीला बोलावलेले गावकरी मारले गेले. “तिकडे आपण मार खात होतो, इकडे मारत होतो. दोन्ही आपणच.” हे वाक्य शिक्षक-खोलीतही फिरलं होतं म्हणतात.

१९८६च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे मुंबईला आले तेव्हा आमची दहावी तोंडावर होती. सरांनी इतिहासाची उजळणी रद्द केली आणि सांगितलं, जमेल त्यांनी जाऊन बघा. त्याच पोपनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांची क्षमा मागितली. टीव्हीवर बातमी पाहिली आणि मी सरांना फोन केला. खूप वर्षांनी. ते म्हणाले, “बघितलं. त्यांची कोणी तक्रार करेल का गं?” आणि मोठ्याने हसले. सर निवृत्त झालेले, गुडघ्याने हैराण, पण केळीच्या बागेत जायचं सोडलं नव्हतं.

मी बँकेत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. इतिहासाशी पोटापाण्याचा संबंध नाही. पण आमच्या धर्मग्रामात मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा तयार पुस्तकं पुरेनात, म्हणून मुलांसाठी वसईच्या इतिहासाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख, १३२१मध्ये ठाण्याला मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन (पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, हे ऐकून मुलं थक्क होतात), गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तो २३ डिसेंबर १५३४चा तह, चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला बोललेला नवस, पोर्तुगीज गेल्यावर चर्च सांभाळायला गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू. छोटी पुस्तिका निघाली, सणाच्या स्टॉलवर संपलीही. अर्पणपत्रिकेत सरांचं नाव आहे. ते पाहायला सर असते तर चाळीस चुका काढल्या असत्या.

आता मात्र पुस्तिका कोणाला द्यायची असा प्रश्न पडतो. आमच्या वेळी मराठी माध्यमाच्या तुकड्या तीन-तीन होत्या, आता एक चालवायची म्हणजे शिक्षकांना घरोघर फिरावं लागतं. पोरं हुशार आहेत, पण प्रकल्प नेटवरून छापून आणतात, कशावरून विचारलं तर मोबाईल दाखवतात. बावखलं (आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी) बुजली, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत राहायला आलेल्यांना किल्ला म्हणजे लग्नाआधीचे फोटो काढायची जागा वाटते. तक्रार करतेय असं वाटेल. आहेच ती.

एक काम समितीने करावं. आमच्या बॅचची ती वेढ्यातली पत्रं सरांनी एकत्र शिवून हस्तलिखित अंक केला होता, निळ्या पुठ्ठ्याचा, मुखपृष्ठावर थडग्याचा पेन्सिलठसा चिकटवलेला. तो बरीच वर्षं ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात होता. इमारत पाडताना कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही. कोणा माजी शिक्षकाच्या किंवा शिपाईमामांच्या घरी असेल तर कार्यालयात आणून द्यावा. झेरॉक्स आणि बांधणीचा खर्च मी करीन.