आमची वाटचाल : रंगाखालचा कोबा

पिकलबॉल म्हणजे छोट्या बॅटने जाळीवरून चेंडू मारायचा खेळ. त्याचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, आणि कर्ण ४८ फूट ४ इंच. आमच्या मिस्त्रींना मध्यरात्री उठवून विचारलंत तरी हा आकडा ते सांगतील. गुण्या लावून कोपरा काटकोनात आलेला असला तरी दोन्ही कर्ण टेपने मोजून जुळल्याशिवाय ते दोरी सोडू देत नाहीत. पाव इंचाचा फरक निघाला तर पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात.

हे आधीच सांगतोय त्याला कारण आहे. अलीकडे भेटेल तो म्हणतो, "पिकलबॉल आला आणि तुमचं नशीब उघडलं." फार लागतं मनाला. नशिबाने कोबा वाळत नाही आणि ढाळही येत नाही. कोर्टं करून द्यायचा आमचा कारखाना पुण्यातल्या धायरीला, म्हणजे एक शेड आणि मागे माल ठेवायची खोली. १९९६ साली मी आणि मिस्त्री, दोघांनी मिळून काम सुरू केलं. शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा, मग जिमखान्यांची आणि सोसायट्यांची बॅडमिंटन कोर्टं. २०१८ पर्यंत हेच चाललं. काम मिळत गेलं, घर चाललं.

२०१९ मध्ये कोथरूडच्या एका बॅडमिंटन हॉलचं रंगकाम चालू असताना एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेल्या. पिशवीतून त्यांनी दोन पॅडल, म्हणजे ह्या खेळाच्या बॅट, आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू काढला आणि म्हणाल्या, "मला इथे जाळीपासून सात फुटांवर एक रेघ हवी आहे."

मी म्हटलं, "बाई, साडेसहा फुटांवर शॉर्ट सर्व्हिसची रेघ आहेच की."

"ती बॅडमिंटनची. मला सात हवी. तुम्ही अर्धा फूट खाल्लात तर आम्ही रोज भांडू."

तिथेच उभ्या राहून त्यांनी मला तो खेळ शिकवला. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात, आणि त्यात पाय ठेवून हवेतला चेंडू मारायचा नाही. सर्व्हिस कमरेखालून. सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने टप्पा पडू देऊन मारायचा आणि त्याच्या परतीचा चेंडू आपणही टप्पा पडू देऊनच. डाव ११ गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवी. जाळी दांड्यांपाशी ३६ इंच, मध्यभागी ३४. हॉलमधल्या चेंडूला २६ मोठी भोकं, उघड्यावरच्या चेंडूला ४० लहान, कारण वारा. खेळ जन्मला तोही एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच, १९६५ साली, अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर. जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांना घरात बॅडमिंटनचं साहित्य सापडेना, म्हणून त्यांनी टेबल टेनिसच्या बॅट घेतल्या आणि जाळी खाली आणली. बॅडमिंटनचं दुहेरी कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट एकाच मापाचं आहे ते त्यामुळे. आणि भारतात हा खेळ आणला तो आपल्या मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. चौकाचौकात कोर्टं होण्याच्या कितीतरी आधी ते लोकांच्या हातात पॅडल देत फिरत होते, हे नव्या खेळाडूंना माहीतच नसतं.

बाईंची ती सात फुटांची रेघ मी त्याच दिवशी मारून दिली, पिवळ्या रंगात, दोन इंच रुंद. पैसे घेतले नाहीत. आमच्या धंद्यातली ती पिकलबॉलची पहिली रेघ.

कोविडनंतर फोन वाढू लागले. ज्या सोसायट्यांच्या टेनिस कोर्टावर वर्षानुवर्षं मुलं सायकली फिरवत होती, त्यांना कळलं की तेवढ्या जागेत पिकलबॉलची चार कोर्टं बसतात आणि एका वेळी सोळाजण खेळतात. सकाळी साठी उलटलेली मंडळी, संध्याकाळी कंपनीतून परतलेली पोरं. टेनिस शिकायला वर्ष लागतं, हा खेळ तासाभरात हातात बसतो. टर्फवाल्यांनीही हिरवळ उचलून कोर्टं टाकली. आम्ही दोघांचे नऊजण झालो. तोवर सगळं छान होतं.

आता २०२३.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीने दोन कोर्टं काढली. कोबा बिल्डरच्या ठेकेदाराने मार्चमध्ये ओतलेला, आमच्याकडे फक्त वरचा ॲक्रिलिक रंग. उद्घाटन १ मेला, पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेल्या. आम्ही एप्रिलच्या मध्यावर साइटवर गेलो. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही बाजूंनी टेप मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर असतानाच त्यांनी टेप हलक्या हाताने सोडवला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते आणि खालचा कोबा काळपट पडलेला. त्यावरून बोट फिरवून ते मला दाखवत म्हणाले, "मालक, ह्याला अजून घाम फुटतोय. महिनाभर हात लावायचा नाही."

मी कमिटीला सांगितलं. कमिटी म्हणाली, तारीख बदलणार नाही, जमत नसेल तर दुसरा बघतो. मी मिस्त्रींचं ऐकलं नाही. ती चूक माझी आहे, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पण कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातला आहे, असं मला लेखी दिलेलं होतं. तो घातलेलाच नव्हता. शेजारचा बगीचा कोर्टापेक्षा दोन इंच उंच आणि माळी रोज सकाळी पाइप सोडून ठेवणारा. ते सगळं पाणी कोब्याखाली शिरत होतं.

१ मेला फीत कापली. निळं कोर्ट, हिरवी बाजू, पांढऱ्या रेघा. लोकांनी फोटो काढले. १२ मेला दुपारी फोन आला. जाऊन बघतो तर किचनच्या पट्ट्यात पुरीसारखे फुगे आलेले. दुपारी कोबा तापला की खालची ओल वाफ होऊन वर येते, ॲक्रिलिक तिला बाहेर जाऊ देत नाही आणि रंग सुटतो. बुटाखाली फुगा फुटला की पोपडा निघतो. आठवड्याभरात दोन्ही कोर्टांवर मिळून मी साठ फुगे मोजले. पुढे मोजायचं सोडून दिलं.

बिलातले ३ लाख ६० हजार अडकले. मालवाल्याचे पैसे मात्र मला द्यायचेच होते. जूनमध्ये छोटा हत्ती टेम्पो विकला. नऊजणांचे आम्ही पुन्हा चार झालो. मिस्त्रींनी दोन महिने पगाराचा विषय काढला नाही आणि मीही काढू शकलो नाही, इतकी लाज वाटत होती.

त्यात तो. नाव लिहिणार नाही. आमच्याकडे सहा वर्षं सुपरवायझर होता. स्क्वीजी, म्हणजे माल ओढून पसरायची दांड्याची रबरपट्टी, कशी धरायची, मालाची धार कशी सोडायची, दुसरा हात मारताना आधीच्या पट्ट्यावर किती चढवायचं, हे सगळं मिस्त्रींच्या हाताखाली शिकला. २०२२ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं, त्याला माझी हरकत नव्हती. मराठी पोरगा धंद्यात उतरतोय म्हणून मी त्याला दोन कामंही दिली होती. आमच्या फुग्यांचे फोटो त्याने त्याच संध्याकाळी मिळवले आणि ज्या ज्या सोसायटीत आमचं कोटेशन होतं तिथे ते नेऊन दाखवले. त्या हंगामात आमची सात कोटेशनं परत आली. सातही कामं त्याला मिळाली. आठ दिवसांत कोर्ट, आमच्या निम्म्या भावात, असं तो सांगायचा. आठ दिवसांत कोर्ट होतं कसं, हे मी सांगतो. खळगे भरायचे नाहीत, रिसर्फेसरचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, एकच हात आणि रंगात वाळू कमी. वाळू कमी असली की रंग जास्त चकचकीत दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि पहिल्या पावसात माणूस घसरतो. त्या सातांपैकी एका कोर्टावर एका गृहस्थांचं मनगट मोडलं. मला त्याचा आनंद झाला नाही. पण तेव्हाही कुणी फोन करून म्हणालं नाही की तुमचा दर बरोबर होता.

ऑगस्टमध्ये बाई शेडवर आल्या. रिक्षाने, भर पावसात. त्यांच्या ग्रुपने सोसायटीच्या मोकळ्या जागेत एक कोर्ट मंजूर करून घेतलं होतं. माझ्यासमोर साठ हजारांचा चेक ठेवून म्हणाल्या, "हा ॲडव्हान्स. काम दिवाळीनंतरच सुरू करा. मिस्त्री 'वाळलं' म्हणतील तेव्हा रंग लावा." फुग्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होती. त्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. त्यांना चहा द्यायला गेलो तर हात थरथरत होता.

त्या साठ हजारांतून मी आधी फुगलेल्या कोर्टांसाठी माल आणला. बाईंना ते सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. दिवाळीनंतर ग्राइंडर लावून सगळा रंग काढला. बगीच्याच्या बाजूने दीड फूट खोल चर खणून पाण्याला वाट दिली. कोबा उघडा ठेवून ऊन खाऊ दिला. तीन वेळा प्लॅस्टिक लावलं, तिसऱ्या वेळी ते कोरडं निघालं. मग ओल अडवणारा इपॉक्सी प्रायमर आणि वर पुन्हा सगळे हात. सगळं स्वखर्चाने. ती कोर्टं आज दोन पावसाळ्यांनंतरही धड आहेत. उरलेलं बिल मात्र मला अर्धंच मिळालं. कमिटी बदलली, फाइल सापडत नाही म्हणतात.

बाईंचं कोर्ट जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतरची कामं बहुतेक त्यांच्याच ओळखीतून आली. आता आम्ही अकराजण आहोत आणि छोटा हत्तीही परत घेतला आहे.

कोर्ट करून घेणार असाल तर काही गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळी एकाच्या डोळ्यात सूर्य आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. ४४ बाय २० ही फक्त रेघांची जागा झाली, मागे-पुढे धावायला धरून निदान ६० बाय ३० तरी हवी. ढाळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला द्या, शंभराला एक, म्हणजे ३० फुटांत साधारण साडेतीन इंच. जाळीपासून दोन्हीकडे उतार देणाऱ्याला साइटवर उभं करू नका. रंगाआधी कोब्यावर पाणी सोडा, तासाभराने जिथे पाणी उभं दिसेल तिथे रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडलं तर खळगा भरून घ्या. मे महिन्यात काम असेल तर सकाळी दहापर्यंत आणि चारनंतरच, मधल्या उन्हात माल स्क्वीजीलाच चिकटतो. आणि बेडरूमच्या खिडकीखाली कोर्ट करू नका. ह्या चेंडूचा टकटक आवाज खेळणाऱ्याला गोड लागतो, सकाळी सहाला झोपलेल्याला नाही. एका सोसायटीत मी स्वतः जागा नाकारली आणि काम सोडलं. आणखी एक, जॉगिंगचे बूट घालून खेळू नका. ते पुढे धावायला असतात, इथे सगळी धाव आडवी. घोटा मुरगळतो आणि दोष कोर्टाला देतात.

मिस्त्री आता चौसष्ट वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, तरी स्क्वीजी अजून स्वतः धरतात. तिचा लाकडी दांडा त्यांच्या पकडीच्या जागी झिजून खोलगट झालाय. संध्याकाळी तिचं रबर ते स्वतःच धुतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. शेडमध्ये तिची खुंटी वेगळी आहे. पोरांना त्यांनी दुसऱ्या स्क्वीजी दिल्यात आणि रोज कामाआधी प्लॅस्टिकचा तुकडा त्यांच्याकडूनच लावून घेतात.

परवा रात्री बाईंचा फोन आला. "जाळी मध्यभागी तेहतीस इंचांवर आली आहे. आज दोनदा मोजली." सकाळी सहाला मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांचे आठजण पॅडल घेऊन बाकावर बसले होते. मिस्त्रींनी जाळीची वरची दोरी आवळली, टेप लावला, चौतीस. बाईंनी पुन्हा स्वतः मोजून बघितलं आणि सर्व्हिस करायला गेल्या.