जेजुरीच्या पायऱ्यांवर मांडलेला देवाचा संसार

खंडोबाची कथा पोथीपेक्षा जेजुरीच्या पायऱ्यांवर अधिक नीट समजते, असे माझे मत आहे. वरच्या मंदिरात देवाशेजारी म्हाळसा विराजमान आहे, तर बाणाईचे देऊळ गड चढताना निम्म्या वाटेवरच लागते. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेल्या देवाने बारा वर्षांचा वनवास पत्करला, म्हाताऱ्याचे सोंग घेऊन बाणाईच्या घरी मेंढरे राखली आणि शेवटी तिला लग्न करून जेजुरीस आणले. मग सवतींचे जे भांडण जुंपले, ते वाघ्या-मुरळी जागरणात अजूनही रंगवून सांगतात. म्हाळसा बाणाईच्या मेंढरांवरून टोमणे मारते आणि बाणाईही तिला तोडीस तोड उत्तर देते. एवढ्या मोठ्या देवाला दोन बायकांपुढे हतबल झालेले पाहण्यात श्रोत्यांना जो आनंद होतो, तो मणी आणि मल्ल या दैत्यांच्या पराभवाच्या वर्णनातही होत नसावा. अखेर तोडगा निघाला तो गडाच्या वाटणीचा, आणि ती वाटणी आजही प्रत्येक भक्ताच्या पायाखालून जाते. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई या देवाच्या आणखी तीन बायकाही परंपरेत सांगितल्या जातात. निरनिराळ्या जातींना हा देव आपल्या घरचा का वाटतो, याचे उत्तर मला या सोयरिकीत दिसते.

दैत्यांनाही येथे जागा आहे. शरण आलेल्या मणीला देवाने आपल्याजवळ ठाव दिला, आणि मल्लाचे नाव तर मल्हारी या देवाच्या नावातच राहिले. बकऱ्याचा मान मणीचा समजला जातो. देवाचा स्वतःचा नैवेद्य शाकाहारी असतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचे नवरात्र असते आणि चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा देवापुढे ठेवला जातो. चातुर्मासात वांगी आणि कांदा वर्ज्य करणाऱ्या अनेक घरांत ती या दिवसापासून पुन्हा खाल्ली जातात.

तळी भरणे हा कुळाचार घराघरांत चालतो. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून विषम संख्येने बसलेली माणसे ते ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत एकदमच उचलतात. एखाद्याचा हात मागे राहिला की घरातील वडीलधारे हमखास रागावतात. गडावर हाच भंडारा खोबऱ्याच्या तुकड्यांसह मुठी भरभरून उधळला जातो. मंदिरासमोरचे पितळी पत्र्याने मढवलेले भव्य कासव, दीपमाळांची जोती आणि अनोळखी माणसांचे कपाळ, सारे सारखेच पिवळे होते.

सोमवारी अमावास्या आली की देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला उतरते. दसऱ्याला गडावरचा सुमारे 42 किलो वजनाचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, उचलण्याची स्पर्धा लागते आणि काही पठ्ठे तो चक्क दातांत धरून दाखवतात.